वाटखर्चाच्या दोन ओळी

पगाराच्या स्लिपवर मूळ वेतन, घरभाडे भत्ता वगैरेंच्या खाली एक लहानशी ओळ असते. सरकारी नोकरीत तिला वाहतूक भत्ता म्हणतात, खासगीत कन्व्हेयन्स. काही ठिकाणी ती ओळ नसते, तिच्याऐवजी सकाळी नाक्यावर कंपनीची बस येते. स्लिप आली की नजर सरळ तळाशी जाते, हातात किती पडणार ते बघायला, आणि ही ओळ वाचायची राहून जाते. मला मात्र अख्ख्या स्लिपमध्ये तीच जिवंत वाटते. बाकीचे आकडे कामाचे, हा आकडा कामापर्यंत पोहोचण्याचा. त्यात डोंबिवलीच्या पुलावरची गर्दी आहे, पावसात कुर्ला आणि शीवच्या मध्ये थबकलेली गाडी आहे, मुंब्र्याजवळ खाडीवरून डब्यात शिरणारा वारा आहे. इतके सगळे ज्या आकड्यात मावते, तो घरच्या हिशेबात कसा लिहायचा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

घरचा जमाखर्च मी दुहेरी नोंदीने ठेवते. कॉमर्सच्या वर्गात बसलेल्यांना ती पद्धत पाठ असते. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एक खाते नावे, दुसरे जमा, आणि दोन्ही बाजू सारख्या. पाठ्यपुस्तकातली नोंद अशी असते: ‘प्रवास खर्च खाते नावे, रोख खात्याला’, आणि खाली कंसात, ‘प्रवासखर्च दिल्याबद्दल’. त्या कंसातल्या ओळीवर माझा फार जीव आहे. आकडे सांगतात किती, ती ओळ सांगते कशासाठी. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ही रीत लुका पाचोली या गणिती धर्मोपदेशकाने १४९४ साली छापील ग्रंथात मांडली. गलबते आणि मसाल्यांच्या त्या हिशेबात घरखर्चाचे वेगळे खाते कसे ठेवावे, हेही त्याने सांगितले आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला घरातला खर्च नोंदीच्या योग्यतेचा वाटला, याचे मला फार अप्रूप आहे.

आमच्या घरी हे पाचोलीच्याही आधी आत्याकडून आले. ती फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबनीस होती आणि घरी लाल कापडी बांधणीची वही ठेवायची. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही, वर ‘श्री’, आणि आत देशी नाम्याच्या रीतीने डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या बरोबर उलट. तिला रेल्वेच्या पासाचे पैसे कचेरीतून मिळत. तरी पास काढला की पूर्ण रक्कम खर्चात आणि पैसे मिळाले की पूर्ण रक्कम जमेत, अशा दोन्ही नोंदी ती करायची. कॉलेजात नुकतेच जमाखर्च शिकू लागलेल्या मला ते फुकटचे कष्ट वाटले.

“आत्या, पासाचे पैसे ऑफिस देतं ना? मग तुझा खर्च कसला?”

“अगं, पैसे कोणी का देईनात, डब्यात उभी मी राहते ना? मग वहीत नको दिसायला?”

तेव्हा मी हसले असेन. आता नोकरी करून, पास काढून, भत्ता घेऊन आणि कंपनीच्या बसमध्ये बसून झाल्यावर माझे मत आत्याच्याच बाजूला येऊन थांबले आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत पासाची झेरॉक्स जोडून फॉर्म भरला की पैसे परत मिळत. अशा परताव्यासाठी शास्त्रशुद्ध सांगणाऱ्याचे उत्तर तयार असते. पास काढला तेव्हा ‘कंपनी खाते’ नावे करा, म्हणजे कंपनी तुमची देणेकरी झाली. पैसे आले की ते खाते जमा करून मिटवा. ना खर्च, ना उत्पन्न. तुम्ही फक्त कंपनीच्या वतीने थोडे दिवस पैसे घातले. एका गोष्टीसाठी हे उत्तर अगदी बरोबर आहे. मला कंपनीने नाशिकला एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाठवले, तर तो प्रवास कंपनीचा. त्याचे तिकीट माझ्या खर्चात शिरण्याचे कारण नाही, मी तिथे कंपनीची माणूस म्हणून गेले.

पण डोंबिवली ते फोर्ट ही वाट कंपनीची नव्हे. डोंबिवलीत राहा असे मला कंपनीने सांगितलेले नाही. तिथे माझे घर आहे, कारण तिथले घर आम्हाला परवडले, आईवडील जवळ राहिले, शाळा ओळखीची होती. मुंबईत कामावर जाणाऱ्या लाखो माणसांची ही गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढे त्या रुळांच्या आधाराने शहर लांब होत गेले आणि घर आणि काम यांच्यातले अंतर माणसांनी स्वतःच्या अंगावर घेतले. ते अंतर माझे आहे. कंपनी त्याचे पैसे देते तेव्हा माझ्याच खर्चाला ती हातभार लावते, आणि तो हातभार माझ्या कामाचा मोबदला आहे. म्हणून तो पगाराइतकाच उत्पन्नाचा, आणि पास घरच्या किराण्याइतकाच खर्चाचा. ‘कंपनी खाते’ करून दोन्ही पुसून टाकले तर वही बरोबर जुळते, फक्त तिच्यात माझा रोजचा प्रवास कुठेच सापडत नाही.

नोंद जवळून बघण्यासारखी आहे. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. रेल्वेचा तिमाही पास मासिक पासाच्या तिप्पट नसतो, २.७ पट असतो. मासिक पास १,००० रुपयांचा धरला तर तिमाही २,७०० रुपयांचा.

पूर्वदत्त प्रवास खाते … नावे २,७००
बँक खात्याला … २,७००
(कल्याणहून तिमाही पास काढल्याबद्दल)

पास हातात आला त्या दिवशी खर्च झालेलाच नसतो. तीन महिन्यांचा प्रवास मी आगाऊ विकत घेतलेला असतो, आणि तो माझी मालमत्ता असतो, बँकेतल्या ठेवीसारखाच. मग दर महिन्याच्या शेवटी ९०० रुपये त्या खात्यातून निघून ‘प्रवास खर्च’ खात्यात जातात. त्या कागदी चौकोनात न केलेले प्रवास साठलेले असतात आणि रोजच्या ये-जा करण्याने ते हळूहळू खर्च होतात, हे मला दुहेरी नोंदीनेच दाखवले. कंपनीचे पैसे आले की ‘बँक खाते नावे, कंपनीकडून प्रवासखर्च खात्याला’. हे उत्पन्नही तीन महिन्यांत वाटावे, असे कुणी म्हणेल. मी वाटत नाही. घरच्या वहीत तेवढा काटेकोरपणा नको, पैसे आले तो दिवस खरा.

आता वरच्या कंसात कल्याण का आले, ते सांगते. मध्य रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्याला ते ठाऊकच असेल. डोंबिवलीला गाडीत पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ, बसायला मिळणे दूरच. म्हणून कितीतरी जण सकाळी उलट दिशेने कल्याणला जातात, तीच गाडी परत निघते आणि खिडकी नाही तरी चौथी सीट मिळते. याला आमच्याकडे रिटर्न करणे म्हणतात. त्यासाठी पास कल्याणहून काढावा लागतो. कंपनी मात्र राहत्या घराच्या स्टेशनपासूनच पैसे देते, आणि त्यात तिचे चुकत नाही. समजा कंपनीने २,४०० दिले. तीन महिन्यांनी माझ्या वहीत प्रवास खर्च २,७०० दिसतो, कंपनीकडून उत्पन्न २,४०० दिसते, आणि मधले ३०० रुपये हे बसून जाण्याचे मोल असते. ज्या बाईचे गुडघे दुखतात, जिला घरी जाऊन पोळ्या करायच्या आहेत, तिच्यासाठी ते ३०० रुपये वर्षातल्या सगळ्यांत शहाण्या खर्चांपैकी एक आहेत. केवळ फरकाची रक्कम लिहिली असती तर वहीत नुसते ‘प्रवास ३००’ दिसले असते, आणि वर्षभराने तो आकडा कसला हे मलाही सांगता आले नसते.

शेअर रिक्षाचे पैसे याच खात्यात जातात. स्टेशनबाहेर रांगेत उभे राहायचे, तीन अनोळखी माणसांबरोबर बसायचे, सुटे द्यायचे. त्याची पावती नसते, आणि पावती नाही म्हणून कंपनीच्या फॉर्मवर त्याला जागा नसते. सगळ्या वाटेत जो तुकडा कोणीच भरून देत नाही, तो हा, आणि घरच्या वहीत त्याला पावती लागत नाही. ही वही माझी आहे, माझा शब्द तिच्यात पुरतो.

दुसऱ्या नोकरीत पासाची झेरॉक्स गेली आणि सरसकट भत्ता आला. खर्च करा अगर करू नका, तो मिळायचाच. त्याची नोंद सोपी, कारण तो उघडच उत्पन्न आहे. पण त्याच वर्षांत आयकराच्या कायद्यात या ओळीचे काय झाले, ते मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते. घर ते कचेरी या प्रवासाच्या भत्त्यातले महिना ८०० रुपये पूर्वी करमुक्त असत. २०१५-१६ या आर्थिक वर्षापासून त्याचे १,६०० झाले, म्हणजे वर्षाला १९,२००. मग २०१८च्या अर्थसंकल्पात ही सूट, आणि तिच्याबरोबर औषधोपचाराच्या परताव्यावरची १५,००० रुपयांची सूट, दोन्ही काढून त्यांच्या जागी ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आली. पुढच्या वर्षी ती ५०,००० झाली, नव्या करप्रणालीत २०२४-२५ पासून ७५,००० झाली. दिव्यांग कर्मचाऱ्यांची महिना ३,२०० रुपयांची सूट तेवढी वाहतुकीच्या नावाने टिकली. रुपयांत नोकरदाराचा तोटा झाला नाही, फॉर्मही सुटसुटीत झाला. पण रोज चालत कचेरीत जाणारा आणि रोज कसाऱ्याहून येणारा यांच्यात फरक करणारी एक जागा होती, ती पुसली गेली. कायद्याला सोपेपणा लागतो, हे मी मान्य करते. माझ्या वहीला तो लागत नाही.

भाचा न्यू जर्सीत राहतो आणि नदीखालच्या रेल्वेने मॅनहॅटनला कामाला जातो. त्याच्याकडे हाच व्यवहार उलट्या टोकाने सुरू होतो. पगारातून कर कापण्याआधीच प्रवासाचे पैसे बाजूला निघतात आणि एका वेगळ्या कार्डावर जमा होतात. २०२५ साली याची मर्यादा महिना ३२५ डॉलर होती. ते पैसे प्रवासाशिवाय कशालाच वापरता येत नाहीत, रोखीत परत मिळत नाहीत, आणि नोकरी सोडली की उरलेले सहसा गमावावे लागतात. त्याला मी सांगितले, ते कार्ड खर्च म्हणून लिहू नकोस, मालमत्तेत लिही आणि प्रवास करशील तसा खर्च दाखव. त्याने तसे केले आणि नोकरी बदलण्याआधी कार्डावर किती उरले, ते त्याला वहीतच दिसले. जपानात तर कंपनीने प्रवासाचा पास भरणे ही सर्वसाधारण रीत आहे, आणि महिना दीड लाख येनपर्यंत त्यावर कर नाही. देशोदेशी नोंद वेगवेगळी, पण घर आणि काम यांच्यातल्या अंतराचे पैसे कुणी भरायचे, हा प्रश्न सगळीकडे पगाराच्या शेजारीच बसलेला आहे.

२०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली तेव्हा कितीतरी पास मध्येच अडकले. माझ्या वहीत त्या वेळी ‘पूर्वदत्त प्रवास’ खात्यावर शिल्लक तशीच राहिली. महिना संपला तरी तिच्यातून खर्चात काहीच जाईना, कारण मी कुठे गेलेच नव्हते. ते सगळे दिवस मी दर महिन्याला ताळेबंद काढत होते, आणि मालमत्तेच्या बाजूला न केलेल्या प्रवासाची ती रक्कम हलत नव्हती. पुढे रेल्वेने वाया गेलेले दिवस वाढवून दिले. पण त्या महिन्यांतला तो न हलणारा आकडा मी कोणत्याही बातमीपेक्षा अधिक ओळखते. शहर थांबले म्हणजे काय, ते त्याच्याइतके नेमके मला कशाने सांगितले नाही.

आता माझी नोकरी ऐरोलीला आहे आणि कंपनीची बस नाक्यावर येते. हा प्रसंग सगळ्यांत अवघड, आणि म्हणून मला सगळ्यांत आवडता. इथे पैसे कुठेच हलत नाहीत. माझ्या बँकेतून काही जात नाही, काही येत नाही. घर-कचेरी ये-जा करण्यासाठी कंपनीने दिलेल्या वाहनाची किंमत आयकरातही पगारात धरत नाहीत. मग लिहायचे काय? बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. मी लिहिते. महिन्याच्या शेवटी एकच नोंद: प्रवास खर्च खाते नावे, कंपनीकडून बसरूपाने उत्पन्न खात्याला. दोन्हीकडे तीच रक्कम, शिल्लक जिथल्या तिथे.

रक्कम कोणती धरायची, हा प्रश्न रास्त आहे. टॅक्सीचे भाडे धरले तर उत्पन्न उगाच फुगेल, आणि टॅक्सीने मी कधीच गेले नसते. बस नसती तर मी खरोखर कशी गेले असते, तेवढीच किंमत धरावी: ठाण्याला बदलून ऐरोलीपर्यंतचा पास आणि दोन्हीकडच्या रिक्षा. वर्षातून एकदा ती तपासायची. बक्षिसाच्या किंवा दाखवेगिरीच्या हिशेबाने ती लावायची नाही. या नोंदीला हरकत घेणारे म्हणतात, पैसे हलले नाहीत तर नोंद कशाची? पण वस्तुरूपाने मिळालेला मोबदलाही मोबदलाच असतो. शेतमजुराला धान्य मिळे, गड्याला जेवण मिळे, तेव्हा ती त्यांची मजुरीच होती. माझी बस माझ्या मजुरीचा भाग आहे. ती वहीत नसेल तर माझा पगार खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि माझे आयुष्य खऱ्यापेक्षा स्वस्त दिसते. दोन्ही खोटे आहे.

हल्ली ही वही मी संगणकावर ठेवते. जॉन वीगली यांनी २००३ साली ‘लेजर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदी करायच्या आणि त्याने बेरजा करून द्यायच्या. ‘एचलेजर’, ‘बीनकाउंट’ हे त्याच घराण्यातले. त्यांत नावे आणि जमा असे शब्द नाहीत, अधिक आणि उणे आहेत, आणि सगळ्यांची बेरीज शून्य. त्यामुळे उत्पन्न तिथे उणे दिसते. नवख्याला ते खटकते. मला त्यात अर्थ दिसतो: माझ्याकडे आले ते दुसऱ्या कुठून तरी उणे झाले. बसच्या डिझेलचे, तिच्या चालकाच्या पहाटेचे मोल कुणीतरी भरले, तेव्हा माझ्या वहीत ती ओळ आली.

या प्रोग्रॅमांची आणखी एक सोय मला लळा लावून गेली. त्यांना रुपयेच लागतात असे नाही. सोन्याचे ग्रॅम चालतात, म्युच्युअल फंडाची युनिटे चालतात, आणि तासही चालतात. म्हणून मी प्रवासाचे तासही दुहेरी नोंदीने लिहिते. ‘दिवस’ या खात्यातून तास उणे होतात आणि प्रवासात अधिक होतात. प्रवासाखाली दोन पोटखाती आहेत, ‘बसून’ आणि ‘उभ्याने’. कल्याणच्या पासाचे ते ३०० रुपये कुठे गेले, याचा जाब ही दोन खाती शेजारी ठेवली की मिळतो. पावसाळ्यात दोन्ही फुगतात. बस सुरू झाल्यापासून ‘उभ्याने’ खात्यात जवळजवळ काही पडत नाही, आणि ‘बसून’ मध्ये मी वाचलेली पुस्तके आहेत, अर्धवट झोप आहे, शेजारणीशी झालेल्या गप्पा आहेत.

या तासांना रुपयांचा भाव मी लावत नाही. प्रोग्रॅम तसा भाव लावू देतो, तासाचा पगार काढून गुणले की झाले. पण माझा तास कंपनी विकत घेते त्या भावाने मुलीचा अभ्यास घेण्याचा तास मोजायचा, हे मला पटत नाही. तास तासांत राहू देत, रुपये रुपयांत. दोन्हींच्या बेरजा वेगळ्या छापाव्यात आणि दोन्ही वाचाव्यात.

नवी नोकरी बघत असाल, तर होकार देण्याआधी गेल्या वर्षीचे प्रवास खाते उघडा. नव्या पगाराच्या आकड्याशेजारी बसची, पासाची, भत्त्याची रक्कम मांडा आणि तिच्याखाली तासांची बेरीज लिहा. आणि वही ठेवत नसाल, तर पुढचा पास काढाल त्या दिवसापासून सुरुवात करा. भरलेली पूर्ण रक्कम एका ओळीत, कंपनीने दिलेली पूर्ण रक्कम दुसऱ्या ओळीत. वजाबाकी करून शून्य लिहू नका.